करुणा ओव्हाळचे पॉइंट

करुणा ओव्हाळ दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढली. वडील भिमाजी रेल्वेत गार्ड होते, आधी मालगाडीवर आणि नंतर पॅसेंजरवर. गाडी घेऊन मनमाडला नाहीतर सोलापूरला जायचं, तिकडच्या रनिंग रूममध्ये झोपायचं आणि दुसरी गाडी घेऊन परत यायचं, यातच त्यांची नोकरी गेली. घरी आई सोजरबाई, करुणा आणि धाकटी प्राची. मुली वडिलांना आप्पा म्हणत.

पगार बेताचा होता, पण भिमाजींना रेल्वेचा पास मिळायचा आणि त्या पासाचा त्यांना फार अभिमान होता. उन्हाळ्याची सुट्टी लागली की चौघं निघत. कधी नागपूर, कधी मद्रास, एकदा तर थेट जम्मूपर्यंत. उतरल्यावर राहायला कुणी ओळखीचं नसलं तर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये अंघोळ करायची, गाव बघायचं आणि पुन्हा गाडीत बसायचं. कॉलनीबाहेरच्या मैत्रिणी सुट्टीत मामाच्या गावाला जायच्या तेव्हा करुणाला समुद्र कसा असतो ते माहीत होतं. आप्पा खिडकीशी बसून येणाऱ्या प्रत्येक स्टेशनाचं नाव आधीच सांगायचे. त्या प्रवासात ते घरच्यापेक्षा जास्त बोलायचे, हे करुणाच्या लहानपणीच लक्षात आलं होतं.

बी. कॉम. झाल्यावर करुणाला सणसवाडीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी लागली. आधी स्टोअरला होती, मग ऑफिसात आली. रोज दौंडहून जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून तिनं सणसवाडीतच सोपानराव नावाच्या शेतकऱ्याची खोली भाड्यानं घेतली. सोपानरावांनी रस्त्याकडेच्या तुकड्यावर ओळीनं खोल्या बांधल्या होत्या. त्यात लातूरचे, बिहारचे, ओरिसाचे कामगार राहायचे. एकटी राहणारी बाई फक्त करुणा. सोपानरावांच्या बायकोनं, बयाबाईंनी, पहिल्याच आठवड्यात तिला सांगितलं होतं, "काय लागलं तर हाक मार. रातचं-बितचं भ्यायचं न्हाई." भ्यायची वेळ तिथं कधी आली नाही.

ऑफिसात तिच्याकडे पाहुण्यांचं काम होतं. चेन्नईहून, दिल्लीहून, कधी परदेशातून इंजिनियर यायचे. त्यांची विमानाची तिकिटं, पुण्यातलं हॉटेल, गाडी हे सगळं करुणा बघायची. एजंटाला आगाऊ पैसे द्यावे लागायचे आणि कंपनीचा चेक निघायला वेळ लागायचा. दोन हजार दोनच्या सुमाराला बँकांची टाय लावलेली पोरं कारखान्याच्या कॅन्टीनपर्यंत येऊन क्रेडिट कार्ड विकायला लागली तेव्हा करुणानं एक घेतलं. तिचे साहेब पोपटराव कवठे येमाई गावचे. ते म्हणाले, "असं कर, खर्च तुझ्या कार्डावर टाक. बिल यायच्या आत कंपनी तुला पैसे देईल, ते मी बघतो. पण जबाबदारी तुझी."

"आणि साहेब, त्याच्यावर पॉइंट मिळतात म्हणे. ते कुणाचे?"

"जबाबदारी तुझी म्हणल्यावर पॉइंट पण तुझेच की. मी काय करू त्यांचं?"

पोपटरावांनी ते नुसतं बोलून सोडलं नाही, वर विचारून तसं लेखी करून घेतलं. एकदाच कंपनीचा चेक लांबला आणि करुणाला व्याज भरावं लागलं. त्यानंतर पोपटराव स्वतः अकाउंट्समध्ये जाऊन बसायचे.

पॉइंट साठत गेले. पहिल्यांदा तिनं पॉइंटांच्या बदल्यात बँकेच्या कॅटलॉगमधून आईसाठी मिक्सर मागवला. मिक्सर आला, चांगला चाललाही, पण तेवढ्यासाठी केवढे पॉइंट गेले ते बघून करुणाला चुटपुट लागली. पुढच्या वेळी चेन्नईचे एक इंजिनियर आले असताना तिनं सहज ती गोष्ट काढली. ते गृहस्थ महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर असायचे. ते म्हणाले, "कॅटलॉगमधून काही घेऊ नका. पॉइंट विमान कंपनीच्या खात्यावर वळवा, नाहीतर हॉटेलच्या. विमान कंपनीचं सभासद व्हायला काही लागत नाही. वस्तूपेक्षा तिकिटात पॉइंटांना जास्त किंमत येते."

करुणानं दुसऱ्यांची शेकड्यानं विमानाची तिकिटं काढली होती, पण स्वतः ती विमानात बसली नव्हती. तिनं ठरवलं, पॉइंट साठवायचे आणि आई-आप्पांना घेऊन विमानानं कुठंतरी जायचं. कुठं ते ठरलं नव्हतं. आप्पा तोवर रिटायर झाले होते. कॉलनीतलं क्वार्टर सोडून दौंडमध्येच दोन खोल्यांचं घर बांधून राहत होते. रिटायर माणसालाही वर्षाचे ठरावीक पास मिळतात, ते त्यांनी कपाटात नीट ठेवलेले असायचे.

दोन हजार पाचच्या दिवाळीआधी कार्डाच्या बँकेचं पत्र आलं. नवीन वर्षापासून पॉइंट वळवण्याचा भाव बदलणार होता, म्हणजे कमी होणार होता. करुणानं लगेच विमान कंपनीचं सभासदत्व घेतलं आणि फोन करून सगळे पॉइंट तिकडं वळवायला सांगितले. फोनवरच्या मुलीनं तिला दोनदा विचारलं, "मॅडम, एकदा ट्रान्सफर झाले की परत येणार नाहीत. करू का?" करुणा म्हणाली, "करा."

कार्डावरून पॉइंट गेले. विमानाच्या खात्यात मात्र आलेच नाहीत. आठवडा गेला, दुसरा गेला. बँक म्हणायची आम्ही पाठवले, विमान कंपनी म्हणायची आमच्याकडं काही आलं नाही. दिवाळीला ती दौंडला आली ती याच विवंचनेत. फराळाचं ताट पुढ्यात घेऊन तिनं आप्पांना सगळं सांगितलं.

भिमाजींना त्यात गंमत वाटली. "म्हंजी गाडी इथनं सुटली, आन् फुडच्या ठेसनाला पोचलीच न्हाई?"

"तसंच समजा."

"गाडी अशी गायब होत न्हाई पोरी. कुठंतरी लूपला, बाजूच्या रुळावर उभी असंल."

झालं होतं ते असं. कार्डावर तिचं आडनाव 'व्ही'नं लिहिलेलं होतं आणि विमान कंपनीनं ते 'डब्ल्यू'नं लिहिलं होतं. नावं जुळली नाहीत म्हणून पॉइंट मधेच अडकले होते. करुणानं पॅन कार्डाची झेरॉक्स दोन्हीकडं पाठवली, जेवणाच्या सुट्टीत रोज फोन लावला, आणि डिसेंबर लागता लागता पॉइंट खात्यात दिसले. पण आकडा बघून तिचा चेहरा उतरला. कार्डाचे दोन पॉइंट गेले की विमानाचा एक व्हायचा, हे तिला माहीत होतं, तरी समोर बघितल्यावर ते फार कमी वाटले. तिघांचं जाणं-येणं त्यात बसत नव्हतं. लांबच्या गावाला एका बाजूनं तिघं, एवढंच.

फोनवर आप्पा म्हणाले, "निम्मं रस्त्यातच सांडलं म्हण की."

"असू द्या आप्पा. जाताना विमानानं जाऊ, येताना तुमच्या पासावर येऊ."

"मी न्हाई बसायचा त्यात. मला सरकारनं जन्माचा पास दिलाय."

ते हसत म्हणाले, म्हणून करुणानं मनावर घेतलं नाही.

प्राचीचं लग्न दोन वर्षांपूर्वी झालं होतं. तिचा नवरा रोहन बांधकाम कंपनीत सुपरवायझर होता. दोघं दिल्लीला भाड्यानं राहायचे, पण रोहनची साइट हिमाचलात होती आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा. प्राचीला दिवस गेले होते. सातव्या महिन्यात तिला दौंडला आणायचं ठरलं होतं, तर डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केली. रक्तदाब वाढलेला होता, पायांवर सूज होती. मग असं ठरलं की जानेवारीच्या मध्याला सोजरबाई आणि भिमाजींनीच दिल्लीला जायचं आणि बाळंतपण तिकडंच करायचं. भिमाजींनी झेलम एक्सप्रेसचं रिझर्वेशन केलं. दौंडहून संध्याकाळी बसलं की दुसऱ्या रात्री दिल्ली.

जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात प्राचीच्या घरमालकिणीचा फोन आला. प्राचीला चक्कर आली होती. डॉक्टर म्हणत होते की वाट बघायची नाही, चार-पाच दिवसांत दाखल करा. रोहनच्या साइटचा रस्ता बर्फानं बंद झाला होता, तो कधी पोचेल ते त्यालाच सांगता येत नव्हतं.

भिमाजी पास घेऊन स्टेशनवर गेले. बुकिंगवाला ओळखीचा होता. पण झेलम भरलेली होती, मागच्यापुढच्या दिवसांच्या गाड्याही भरलेल्या. दोघांचं वेटिंग आलं. ओळखीनं इकडंतिकडं बोलून एका जागेचं आरएसी झालं, म्हणजे रात्रभर अर्ध्या बाकावर बसून जायचं. दुसरी जागा नाहीच.

त्याच दिवशी करुणानं सणसवाडीहून विमान कंपनीला फोन लावला होता. पॉइंटवर देण्याच्या जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि त्या थोड्या असतात. बुधवारच्या पुणे-दिल्ली विमानात तशा तीन जागा शिल्लक होत्या. पॉइंटांतून सूट फक्त भाड्याची, कर रोख भरावा लागणार होता. करुणानं जागा धरून ठेवायला सांगितल्या, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दौंड गाठलं.

घरात शिरली तेव्हा आप्पा खाटेवर बसले होते आणि आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात.

"आप्पा, बुधवारी दुपारी निघू, संध्याकाळच्या आत प्राचीपाशी. तिघांच्या जागा आहेत. फक्त हो म्हणा."

"मी मंगळवारच्या झेलमनं चाललोय. आरएसी मिळालंय."

"एकाचंच ना? मग आई?"

"टीसी आपलाच माणूस हाय. बसंल ती माझ्याजवळ. इतकी वरसं बसलीच की."

सोजरबाईंचे गुडघे दोन वर्षांपासून दुखत होते. घरातल्या घरात त्या भिंतीला धरून चालायच्या. भिमाजींना ते दिसत नव्हतं असं नाही, पण त्या वेळी त्यांच्या डोक्यात पासच होता.

"अर्ध्या बाकड्यावर? दिल्लीपातुर?" सोजरबाई म्हणाल्या.

"मग काय झालं? माझ्या नावचा पास हाय. फुकटाचं इमान कशाला?"

"फुकटाचं कसं?" करुणाचा आवाज चढला. "माझ्या नावावर खर्च केलाय मी, चार वर्षं. आणि तुमचा पास तरी..." ती मधेच थांबली. पुढचं बोलली असती तर ते आप्पांना लागलं असतं.

पण ते सोजरबाईंनी बोलून टाकलं. आवाज न चढवता बोलल्या. "पास हाय अवो, पर जागा कुठं हाय? तुम्ही ड्युटीवर जायचात तवा मी पोरी घेऊन घरात बसायची. गाडी लेट हाय, आज न्हाई उद्या येतील, असं म्हणत जलम गेला. त्याचं कधी काय वाटलं न्हाई मला. पर लेकीचं बाळंतपण मी वेटिंगवर ठेवणार न्हाई. मी करुणाबरोबर जाते."

भिमाजी उठले, कपाटातून मफलर आणि कानटोपी काढली आणि खाटेवर ठेवली. "जा तुम्ही," ते म्हणाले. "मी मंगळवारी निघतो. बुधवारी रातीला पोचंन."

"चला की वो आमच्यासंगं," सोजरबाई म्हणाल्या.

"नगं."

करुणानं तिसरी जागा सोडली. त्या रात्री ती दौंडलाच राहिली. लहानपणापासून घराला कुठं न्यायचं ते आप्पांनी ठरवलं होतं, स्वतःच्या पासावर. आता तिच्याकडं दुसरं काही आलं होतं आणि ते आप्पांच्या पासाहून वरचढ ठरलं होतं. तिला त्यात जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

मंगळवारी भिमाजी गेले. सोजरबाई पायाचं दुखणं घेऊन स्टेशनवर गेल्या, डबा हातात दिला आणि झेलम हलल्यावर रिक्षानं घरी आल्या. बुधवारी सकाळी कंपनीच्या ओळखीचा गाडीवाला दौंडला आला आणि त्यांना लोहगावच्या विमानतळावर घेऊन गेला. करुणा सणसवाडीहून तिथं पोचली होती.

सोजरबाईंनी ठेवणीतली निळी इरकल नेसली होती. एका पिशवीत डिंकाचे लाडू, अळीव आणि बाळासाठी शिवलेली झबली-टोपडी होती. दारातल्या शिपायानं मतदार ओळखपत्र बघितलं, त्यांच्याकडे बघितलं आणि सोडलं. तपासणीत लाडवांचा डबा उघडायला लावला. "घ्या की एक," सोजरबाई त्या पोरीला म्हणाल्या. पोरगी हसली, पण घेतला नाही.

दिल्लीत धुकं होतं म्हणून विमान दोन तास उशिरा निघालं. करुणा आईला म्हणाली, "हे पण लेटच."

"असू दे. बसायला खुर्ची तरी हाय."

विमानात करुणानं आईला खिडकीशी बसवलं. पट्टा कसा लावायचा ते तिलाही शेजारच्याकडं बघूनच कळलं. विमान वर चढताना सोजरबाईंनी तिचा हात घट्ट धरला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले, खाली बघितलं. शेतं, मग एक नदी, मग नुसते ढग.

"दौंड दिसतं का गं?"

"नाही आई. आपण दुसरीकडं चाललोय."

"आप्पा कुठं आसतील आता?"

करुणानं हिशेब केला. "गाडी वेळेवर असेल तर झाशीच्या आसपास असतील."

सोजरबाईंनी खाली बघितलं, जणू दिसेल म्हणून. नंतर कान दुखायला लागले तेव्हा त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि उतरेपर्यंत तशाच बसून राहिल्या.

दिवस मावळता मावळता त्या प्राचीपाशी पोचल्या. प्राची हॉस्पिटलमध्ये दाखल झाली होती, चेहरा सुजलेला. आईला दारात बघितल्यावर ती रडायला लागली. सोजरबाई म्हणाल्या, "रडायचं न्हाई. आले ना मी," आणि एकेक पाऊल टाकत जाऊन तिच्या उशाशी बसल्या.

गुरुवारी सकाळी प्राचीचा रक्तदाब एकदम वाढला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या की आताच ऑपरेशन करावं लागेल, सही कोण करणार? रोहन अजून वाटेतच होता. करुणानं सही केली. प्राचीला आत नेताना तिनं आईचा हात धरला होता, तो दारापाशी सोडवावा लागला.

भिमाजी तेव्हा झाशीला होते. इटारसीपर्यंत झेलम वेळेवर होती, त्यापुढं धुकं लागलं आणि गाडी रखडत गेली. बुधवारी रात्री दिल्लीला पोचायचं ते गुरुवारच्या सकाळी झाशीच्या प्लॅटफॉर्मवर उभे होते. त्यांनी बूथवरून करुणाच्या मोबाइलला फोन लावला. हातात पिशवी, एक डोळा गाडीवर.

"आप्पा, प्राचीला आत नेलंय. ऑपरेशन चाललंय."

"काय म्हणले डाक्टर?"

"सांगतील. आई इथंच आहे. तुम्ही काळजी..." तेवढ्यात इंजिनाची शिटी झाली आणि भिमाजींना फोन ठेवून पळावं लागलं.

त्यानंतर कितीतरी तास त्यांना काहीच कळलं नाही. शेजारच्या एका फौजी पोराकडं मोबाइल होता, पण त्याला रेंज नव्हती. ग्वाल्हेरच्या अलीकडं गाडी मोकळ्या रानात थांबली. भिमाजींना बसवेना. ते खाली उतरले आणि गाडीच्या कडेनं चालत थेट शेवटच्या डब्यापर्यंत, गार्डापाशी गेले. आपण कोण ते सांगितलं. गार्ड तरुण होता, तिकडचाच. तो म्हणाला, "आगे तीन गाड़ियाँ खड़ी हैं, चाचा. जब तक कोहरा नहीं हटेगा, कुछ नहीं होगा।"

हे भिमाजींनाही माहीत होतं. धुक्यात सिग्नल दिसत नाही, गाडी पुढं काढणं म्हणजे माणसं मारणं. आयुष्यभर त्यांनी हेच पाळलं होतं. पुढच्या डब्यांत प्रवासी शिव्या देत असताना ते शांतपणे हिरवा-लाल झेंडा घेऊन उभे राहायचे. त्या प्रवाशांतल्या कुणाची लेक ऑपरेशनला असेल, असा विचार त्यांनी कधी केला नव्हता. आता गार्डाला काय म्हणणार? ते तिथंच त्याच्या डब्याच्या पायरीवर बसले. गार्डानं त्यांना थर्मासमधला चहा दिला.

संध्याकाळी भेटायच्या वेळेत ते हॉस्पिटलमध्ये आले. कानटोपी, मफलर, दोन दिवसांची दाढी, हातात रिकामा डबा. करुणा जिन्यात उभी होती. तिनं सांगायच्या आधीच ते म्हणाले, "इटारसीपातुर टायमात होती."

"आप्पा, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

भिमाजींनी कानटोपी काढून तोंड पुसलं.

आत सोजरबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "या. हात धुऊन या आधी." ते हात धुऊन आले, प्राचीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग बाळ घेतलं. बाळ फार लहान होतं. त्यांना ते नीट धरता येईना, म्हणून सोजरबाईंनी खालून हात लावला.

"कसं व्हतं इमान?" त्यांनी विचारलं.

"कान दुखले. बाकी बरं व्हतं."

नंतर बाहेरच्या बाकावर ते करुणाजवळ येऊन बसले. "मी तुझ्या आईला संगं नेली असती तर ती ग्वाल्हेरच्या रानात बसली असती," ते म्हणाले. "आन् ही पोरगी आत एकटी गेली असती." करुणानं त्यांना चहा आणून दिला.

रोहन दुसऱ्या दिवशी पोचला. करुणाची रजा संपत आली होती. एका तिकिटाएवढे पॉइंट उरले होते, पण पॉइंटवरची जागा कुठल्याच विमानात शिल्लक नव्हती. तत्काळमध्ये स्लीपरची एक जागा मिळाली आणि ती थंडीत कुडकुडत पुण्याला आली. आई-आप्पा दोन महिने दिल्लीत राहिले. परत येताना मात्र पासावर दोन्ही जागा पक्क्या मिळाल्या, आणि भिमाजींनी वाटेतली सगळी स्टेशनं सोजरबाईंना नावानिशी सांगितली. त्यांनीही ऐकून घेतली.

पुढं करुणाकडचं पाहुण्यांचं काम वाढत गेलं. ऑफिसातल्या बायका तिला पॉइंटांचं विचारायला यायच्या आणि ती सांगायची, "आधी दोन्हीकडचं नाव जुळतंय का बघा. आणि कुठं जायचं ते ठरल्याशिवाय वळवू नका, परत येत नाहीत." तिचे उरलेले विमानाचे पॉइंट मुदत संपून गेले. त्याची तिला हळहळ वाटली. पुढचे पॉइंट तिनं हॉटेलच्या खात्यावर वळवले, कारण आप्पा विमानात बसणार नव्हते आणि हॉटेलबद्दल त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

दोन हजार आठच्या डिसेंबरात तिघं औरंगाबादला गेली. जाताना रेल्वेनंच, मनमाडला गाडी बदलून. त्या पॉइंटांवर एका मोठ्या हॉटेलात दोन खोल्या दोन रात्रींसाठी मिळाल्या. काउंटरवरच्या मुलानं करुणाचं कार्ड मागितलं, वर काही खर्च झाला तर त्यासाठी, तेव्हा भिमाजी तिच्या कानात म्हणाले, "फुकट म्हणली व्हतीस ना?" करुणानं समजावून सांगितलं. खोलीत गेल्यावर त्यांनी पाण्याच्या बाटलीला हात लावला नाही, न जाणो पैसे लावतील म्हणून. सकाळी करुणा बोलवायला गेली तर त्यांनी दोघांच्या चादरी घडी करून पायथ्याशी ठेवलेल्या होत्या. सोजरबाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या आणि म्हणत होत्या की गादी फार मऊ आहे, पाठ धरली.

दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला गेली. सोजरबाईंना पायऱ्या चढवेनात, म्हणून डोलीवाल्यांनी त्यांना खुर्चीतून वर नेलं. भिमाजी शेजारून चालत होते आणि डोलीवाल्यांना "सांबाळून, डावीकडनं" असं सांगत होते, जे त्यांना सांगायची गरज नव्हती. पहुडलेल्या बुद्धाची मोठी मूर्ती आहे त्या लेण्यात शिरल्यावर आधी काही दिसेना. डोळे सरावल्यावर सोजरबाईंनी हात जोडले आणि मूर्तीच्या पायथ्याशी कोरलेल्या रडणाऱ्या माणसांकडं बराच वेळ बघत राहिल्या. भिमाजींनी हळू आवाजात बुद्धं सरणं म्हटलं. करुणानं साथ दिली.

रविवारी रात्री ती आई-आप्पांना दौंडला सोडून सणसवाडीच्या खोलीवर आली. सोमवारी जपानहून चार इंजिनियर येणार होते, त्यांचा खर्च तिच्याच कार्डावर पडणार होता, आणि त्यातला एक मांसाहार करत नव्हता. पोपटरावांनी ते हॉटेलला आधीच कळवून ठेवायला सांगितलं होतं.